जुना गिअर नॉब विकणे

बाजारातून आणून बसवलेला गिअर नॉब विक्रीला निघतो तो झिजल्यामुळे नव्हे, हौस फिटल्यामुळे. पहिला प्रश्न आट्यांचा. होंडाच्या बहुतेक गाड्यांना १० मिलिमीटर व्यासाचे, १.५ पिचचे आटे लागतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांना १२ आणि १.२५. न जुळल्यास अ‍ॅडॅप्टर व बारीक स्क्रू लागतात. ते विक्रेत्याकडे ‘इथेच कुठेतरी’ असतात. धातूच्या जड नॉबने गिअर हलका पडतो आणि मे महिन्यात तळहात भाजतो. जाहिरातीत फक्त पहिला गुण येतो. रिंग उचलून रिव्हर्स टाकायच्या गाडीत असा नॉब अनेकदा चालत नाही, हे गिऱ्हाइकाला पैसे दिल्यावर कळते. ‘क्वचित वापरलेला’ म्हणजे वरचे आकडे पुसलेला. कंपनीचा मूळ नॉब मात्र कोणी विकत नाही. गाडी विकताना तोच परत बसवायचा असतो.