डाळीच्या डब्यातली साखर

यंदा आषाढीला साबुदाण्याला शिवणार नाही, नुसत्या पाण्यावर राहणार, अशी घोषणा मी दशमीच्या रात्री केली. तिसऱ्यांदा भात घेताना. आमच्याकडचा उपास म्हणजे खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च. लाळ लागली की तोंडातच त्याची साखर व्हायला लागते. खरी चंगळ एकादशीलाच.

सकाळी अकराला मला वर्तमानपत्राचा, पंख्याचा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा राग येऊ लागला.

"अहो, साखर उतरली असेल," ही म्हणाली.

इथे गप्प बसलो असतो तर लिंबाचं सरबत तरी मिळालं असतं. पण मी वाचून बसलो होतो. "अगं, माझ्यासारख्या धडधाकट माणसाची अशी उतरत नाही. सगळ्या रक्तात मिळून साखर असते चमचाभर, पाचेक ग्रॅम. एकट्या मेंदूला दिवसाला शंभरावर ग्रॅम लागते. मग भागतं कसं? जेवण झालं की इन्सुलिन जास्तीची साखर यकृतात भरायला लावतं. ग्लायकोजेन करून, शंभरेक ग्रॅम. रक्तात कमी पडली की ग्लुकागॉन त्यातलीच मोडायला लावतं."

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही. नाटक चाललंय."

वाचनाचा हा तोटा आहे.

यकृत म्हणजे हुबेहूब माझी आई. महिनाअखेरीला ती 'घरात दमडी नाही' म्हणायची, आणि आमचे चेहरे पडले की तूरडाळीच्या डब्यात हात घालून दहाची नोट काढायची. क्लोद बेर्नार हा फ्रेंच शास्त्रज्ञ 1855 साली असाच चक्रावला. त्याने एका प्राण्याचं यकृत पाण्याने धुऊन धुऊन त्यातली साखर पार घालवली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुन्हा साखर! डबा त्याला 1857 मध्ये सापडला. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत सापडला नाही.

स्नायू म्हणजे आमचे काका. यकृताच्या चौपट साठा, पण सगळा स्वतःपुरता. तो ग्लुकोज करून रक्तात सोडायला लागतं ते विकरच त्यांच्याकडे नसतं. मेंदू कासावीस झाला तरी मांडी म्हणणार, जिना चढायचा असेल तर सांगा, उसने मागू नका.

दोन्हीकडे भरून उरलं की ते माळ्यावर जातं. म्हणजे चरबीत. आमच्या खऱ्या माळ्यावर रॉकेलचा स्टोव्ह आहे, फुटका हार्मोनियम आहे. 'लागलं तर काढू' म्हणून ठेवलेलं तिथून काही खाली आलेलं मी पाहिलेलं नाही.

बारशीला सकाळी काट्यावर उभा राहिलो. सव्वा किलो कमी! लगेच लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, बरंचसं पाणीच असेल ते. ग्रॅमभर ग्लायकोजेन तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतं."

दुपारी वरणभात, अळूची भाजी आणि दोनदा शिरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पूर्वपदावर.

काटा सध्या माळ्यावर आहे.