पाचवर्षे

सातपुते, अष्टपुत्रे, दशपुत्रे ही जशी आडनावं, तसे आमच्या मजल्यावर एक पाचवर्षे राहतात. दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाला वापरतो. डोक्याला टोपडं घालून गादीवर आडवं व्हायचं आणि उठायचं ते थेट दुसऱ्याच जगात, हातात तलवार, पायाखाली ओलं गवत, समोर राक्षस, असा खेळ कधी येणार, एवढंच पाचवर्ष्याला विचारायचं. उत्तर ठरलेलं. "पाच वर्षं, काका. जास्तीत जास्त."

पहिल्यांदा हे मी 2012 साली ऐकलं. कॅलिफोर्नियातल्या पामर लकी नावाच्या पोराने लोकांकडून 24 लाख डॉलर जमवून डोळ्यांवर चढवायचं यंत्र करायला घेतलं होतं. 2014 मध्ये फेसबुकने त्याची कंपनी सुमारे 200 कोटी डॉलरला घेतली, तेव्हा पाचवर्ष्याने मजल्यावर पेढे वाटले आणि मुदत नव्याने सुरू केली. 2021 मध्ये फेसबुकने स्वतःचं बारसं करून 'मेटा' नाव घेतलं, तेव्हा पुन्हा एकदा. सरकारने पंचवार्षिक योजना गुंडाळल्या, याच्या मात्र चालू आहेत.

त्याचं दैवत म्हणजे रेकी कावाहारा या जपानी लेखकाची 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन' ही कथा. तीत असा खेळ 6 नोव्हेंबर 2022 ला सुरू होतो, दहा हजार खेळाडू आत अडकतात, आणि खेळात मेला तो खरोखरच मरतो. प्रत्यक्षात ती तारीख उजाडली आणि कोरडीच मावळायला लागली, तेव्हा याचा चेहरा असा होता की काकूंनी विचारलं, "कोण गेलं रे?" पण त्याच दिवशी लकीने जाहीर केलं, की खेळात हरल्यावर घालणाऱ्याच्या डोक्याच्या चिंधड्या उडवणारं यंत्र आपण केलंय, फक्त ते स्वतः घालायचा धीर अजून झालेला नाही. पाचवर्षे हरखला. काकू म्हणाल्या, "बाकी सगळं राहिलं, आणि मरायची सोय तेवढी आधी झाली?"

माणूस बिनबुडाचा नाही, हे सांगायला हवं. "काका, स्वप्नात तुम्ही धावता, पण गादीवरून पडता का? मेंदू रोज रात्री स्नायूंची कळ बंद करतो. निसर्गाला जमतं, मग आपल्याला का नाही?" मुद्दा बिनतोड आहे. मी चाचरत म्हणालो, "1968 साली आयव्हन सदरलँडने केलेलं यंत्र छताला टांगावं लागायचं. ते छतावरून मानेवर यायला कित्येक वर्षं गेली. मानेवरून मेंदूत शिरायला पाच कशी पुरतील?"

"शिरलंय! 2024 च्या जानेवारीत! न्यूरालिंक! एक हजार चोवीस इलेक्ट्रोड!"

मेंदूत पेशी साधारण 8,600 कोटी. मी कागदावर भागाकार केला. एका इलेक्ट्रोडच्या वाट्याला आठ कोटींच्या वर पेशी, म्हणजे अख्खी जर्मनी एका फोनवर. शिवाय त्या फोनवर सध्या ऐकण्याचंच काम चालतं. माणसाने मनात आणलं की पडद्यावरचा बाण हलतो. ओल्या गवताचा गारवा पेशीपेशीला उलट कळवायचा, ही गोष्ट निराळी. पाचवर्ष्याने कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाला, "मग सहा."

खरी अडचण मात्र जर्मनीची नाही, कानाची आहे. पाचवर्ष्याला गाडी लागते. वरंधा घाटात एसटी वळते तेव्हा कानाच्या आतलं पाणी सांगतं, वळलो; डोळे समोरच्या सीटची पाठ बघून म्हणतात, छे, जागीच आहोत. या भांडणात पोट मधल्या मध्ये मरतं. टोपड्यात हेच उलटं. डोळे म्हणतात, उडतोय; कान म्हणतात, अरे, तू दिवाणावर बसलायस. मान वळल्यावर चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात वळलं नाही, तर भांडण आणखी पेटतं. त्यामुळे हा भावी जगाचा नागरिक टोपडं चढवण्याआधी आवळासुपारी गालात धरतो, उजव्या हाताला नियंत्रक आणि डाव्या हाताला कापलेलं लिंबू ठेवतो. खोलीच्या मध्यभागी चटई असते, पाय चटईवरून उतरला की भिंत जवळ आली. ट्यूबलाइट दोनदा फुटली आहे. एकदा ड्रॅगनशी झुंज ऐन रंगात असताना काकूंनी "आ कर" म्हणून पोह्यांचा घास भरवला, आणि याने तो खाल्लाही.

मागच्या रविवारी मी त्याला मॉर्टन हायलिगच्या सेन्सोरामाबद्दल सांगत होतो. पेटंट 1962 चं. त्यात डोकं घातलं की मोटरसायकलवरून फिरल्यासारखं वाटे. खुर्ची थरथरायची, वास यायचे, तोंडावर पंखा वारा सोडायचा.

"पंखा?" तो केवढ्या तरी तुच्छतेने हसला. "काका, पंखा म्हणजे जत्रेतला प्रकार झाला." आणि टोपडं चढवून हिमशिखरांवर उडून गेला.

पाचेक मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, डावा हात लिंबू चाचपू लागला. मग एकदम सावरला आणि ओरडला, "काका! वारा! गालाला गार वारा लागतोय! अपडेट आलं!"

मी मागे वळून पाहिलं. काकूंनी पंखा पाचवर केला होता.