पिळाच्या वायरीस मानपत्र

हल्ली सत्कार कोणाचाही होतो. निवडून आलेल्याचा होतो, पडलेल्याचा होतो, भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा तर चौकाचौकात होतो. मात्र जिच्या जिवावर गॅलरीतलं वॉशिंग मशीन, दुकानाची पाटी, जिन्यातला दिवा आणि पंपाची खोली चालते, त्या पिळाच्या दोन पदरी वायरीला कोणी नारळ दिलेला नाही. ना सत्काराचा, ना निरोपाचा. तिच्यावर टॉवेल वाळत पडले, हार कोणी घातला नाही. म्हणून तमाम गृहनिर्माण संस्थांसाठी आम्ही मानपत्राचा मसुदा करून ठेवला आहे. सचिवांनी संस्थेचं नाव घालावं आणि वार्षिक सभेत, चहा येण्याच्या आत, वाचून दाखवावं.

सन्माननीय वायरताई,

आपला जन्म टेबलदिव्यासाठी आणि रेडिओसाठी झाला. उपकरण हलेल तसे आपण हलावे, काम संपताच गुंडाळून कपाटात जावे, एवढीच आपणाकडून अपेक्षा होती. वाकताना तुटू नये म्हणून आपल्या पोटी केसासारख्या बारीक तारांचा झुबका दिला गेला. अशा आपणास आम्ही खिळ्यांवर टांगले, खिडकीच्या फटीतून ओढले, दाराच्या चौकटीत चेमटवले आणि "तात्पुरती सोय आहे" असे सांगून बाथरूमपर्यंत नेले. त्यानंतर तीन भाडेकरू बदलले. रंगाऱ्याने भिंतीबरोबर आपणासही रंग दिला. आता आपण कुठे संपता आणि भिंत कुठे सुरू होते, हे फक्त उंदरांना ठाऊक आहे.

कायम वायरिंगचा विषय दरवर्षी सभेपुढे येतो आणि पुढच्या सभेत घ्यावा असे सर्वानुमते ठरते. आपल्या सेवेला इतकी एकमुखी मुदतवाढ कोणत्याही अध्यक्षांना मिळालेली नाही.

आपल्या खांद्यावर आरंभी एक दिवा होता. आज 2000 वॅटचा गीझर आहे. 230 व्होल्टला तो जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे आमच्या सभासदांनी दहावीला पाठ करून गुण मिळवले आणि तिथेच सोडून दिले. आपले पीव्हीसीचे आवरण आतल्या तांब्याचे तापमान 70 अंशांपर्यंत सोसते. त्यापुढे आपण मऊ पडता, तेव्हा आम्ही "वायर जरा कोमट लागते" असे म्हणून खिडकी उघडतो.

आपल्या कार्यात 16 अँपिअरच्या एमसीबीने वारंवार अडथळा आणला. प्रामाणिक अधिकाऱ्याची करतात तशी आम्ही तिची बदली केली आणि त्या जागी 32 अँपिअरची समजूतदार एमसीबी आणली. एमसीबी गीझरला नव्हे, वायरीला वाचवण्यासाठी असते असे कोणी जाणकार म्हणाले. त्यांना समितीवर घेतलेले नाही. 30 मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारे आरसीसीबीही "सारखे पडते" या कारणास्तव सेवामुक्त करण्यात आले.

आपण दोनच पदरांत संसार केलात, तिसरा पदर मागितला नाहीत. आर्थिंगचा तो खर्च वाचला. गीझरच्या टाकीत वीज उतरलीच, तर तिला जमिनीकडे नेण्याचे काम अंघोळीला बसलेल्या सभासदाने मानद तत्त्वावर करावयाचे आहे.

सॉकेटच्या स्क्रूखाली आपल्या साऱ्या तारा मावेनात, तेव्हा वायरमनने पकडीने निम्म्या छाटल्या. लग दाबून बसवणे त्याला कमीपणाचे वाटले. जोड ढिला राहिला, ढिला म्हणून तापला, तापला म्हणून आणखी ढिला झाला. त्यावर चिकटपट्टीचे पाच वेढे देऊन विषय संपवण्यात आला. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. आमच्याकडे ज्याच्या खिशात टेस्टर तो परवानाधारक.

आपले नम्र,
सर्व सभासद (थकबाकीदारांसह)

इथे मानपत्र संपतं. एखादे निवृत्त अभियंता सभेत उठून म्हणतील की, भिंतीतल्या पाइपातून जाते तीही हल्ली बहुतेक ठिकाणी बारीक तारांचीच वायर असते, मग हिनंच काय घोडं मारलंय? मुद्दा रास्त आहे. आयएस 694 या एकाच भारतीय मानकात दोघींची सोय आहे आणि बारीक तारा हा गुन्हा नाही. पण पाइपातलीला ठोकर, ऊन आणि खिळा लागत नाही, तिची जाडी भार मोजून ठरते, सोबत अर्थची हिरवी वायर असते आणि तिच्या मापाची एमसीबी वर बसलेली असते. खिळ्यावर टांगलेलीला यातलं काहीच मिळालेलं नाही. तिला दोष देणं म्हणजे पोस्टमनकडून शस्त्रक्रिया करून घेऊन टाके उसवले म्हणून त्याच्यावर रागावणं.

तेव्हा मानपत्र वाचून झालं की तिला सन्मानानं उतरवा. गीझरला आणि एसीला आपापली स्वतंत्र लाइन द्या: पाइपातून, भारानुसार अडीच किंवा चार चौरस मिलिमीटर तांब्याची, अर्थसकट, स्वतःच्या एमसीबीवर. काढून टाकलेलं आरसीसीबी परत बसवा, आणि ते पडलं तर गळती शोधा, त्याला शिव्या देऊ नका.

नाहीतर एके दिवशी आमच्याच पेपरात छापून येईल की आग शॉर्ट सर्किटने लागली. शॉर्ट सर्किट हा सगळ्यांच्या सोयीचा आरोपी आहे. त्याला अटक होत नाही, त्याचा जबाब घेतला जात नाही. पण तो आकाशातून पडत नाही. आपणच त्याला दुकानातून मीटरवर मोजून घरी आणलेलं असतं.