झिरोपेक्षा कमी

एकेकाळी घरोघरी झिरोचा बल्ब असे. रात्री तान्हं उठलं किंवा आजोबांना मोरीपर्यंत जायचं असलं, की तो कामाला यायचा. नाव झिरो, खाणं मात्र बारा-पंधरा वॅटचं. जुनं चकतीवालं मीटर एवढ्याशा भाराला फारशी दाद देत नसे. त्यामुळे हा दिवा फुकट जळतो, असं साऱ्या महाराष्ट्राने आपापसांत ठरवून टाकलं होतं. आजचा ९ वॅटचा एलईडी अख्खी खोली उजळतो, म्हणजे सरळ हिशेबाने झिरोपेक्षाही कमी खातो. तरी गिऱ्हाईक काउंटरवर रेलून विचारतंच, "सातचा नाही का हो? नऊ म्हणजे जरा जास्तच होतील."

जास्त म्हणजे किती? दोन वॅट. रोज पाच तास दिवा लावला तर वर्षाला पावणेचार युनिटसुद्धा नाहीत. एका संध्याकाळची ही बचत २००० वॅटचा गीझर सकाळी अठरा सेकंदांत गिळतो. म्हणजे साबण हातातून निसटला आणि शोधेपर्यंत झालं, सातचा बल्ब आणल्याचं पुण्य संपलं.

बरं, वस्तू महाग आहे म्हणून ही घासाघीस, असंही नाही. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक एलईडी ३१० रुपयांना पडत होता. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, घाऊक खरेदी झाली आणि पुढच्या वर्षी तोच भाव ३८ रुपयांवर उतरला. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते या पांढऱ्या उजेडाच्या वाटेसाठीच. नोबेलचा माल ७०-८० रुपयांत मिळतोय आणि आम्ही पिशवी फुकट मागतोय.

मुळात वॅट म्हणजे उजेड नव्हेच. वॅट म्हणजे दिवा खातो किती. बैल किती कडबा खातो त्यावरून तो किती नांगरेल हे ठरवणारा शेतकरी गावात वेडा ठरेल, पण शहरात बल्ब घेताना आपण नेमकं तेच करतो. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्याच्या अशा बगलेत छापलेला असतो की वाचायला आधी एक चांगला दिवा लागतो. वॅटमागे ८० ल्युमेन देणारा नऊचा बल्ब देतो ७२०. वॅटमागे ११० देणारा सातचा देतो ७७०. सात नऊला हरवतो! जुना साठचा पिवळा बल्बही सातशेच्या आसपासच होता. पण दुकानदार होल्डरमध्ये बल्ब अडकवतो, खटका दाबतो, "बघा, लागला" म्हणतो आणि आपली तुलना तिथेच पुरी होते.

पुढचा प्रश्न, पांढरा की पिवळा? उत्तर ठरलेलं. पांढरा! ६५०० केल्विनचा, ज्यात पाहुण्यांच्या चेहऱ्यावर कालपासून ताप असल्यासारखं वाटतं आणि बटाट्याच्या भाजीची हळद उडते. मग तेच कुटुंब शनिवारी महागड्या हॉटेलात पिवळ्या, मिणमिणत्या दिव्याखाली बसतं, मेनूकार्ड मोबाइलच्या टॉर्चने वाचतं आणि म्हणतं, काय सुंदर वातावरण आहे नाही!

खोक्यावर आयुष्य लिहिलेलं असतं २५,००० तास. रोज पाच तासांप्रमाणे साडेतेरा वर्षं. गॅरंटी मात्र दोन वर्षांची, तीही दुकानदाराने बल्बच्या मानेवर मार्करने लिहिलेली तारीख पुसली नाही तर. वर हे 'आयुष्य' म्हणजे दिवा विझेपर्यंतचा काळ नव्हेच, उजेड सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा. एलईडी स्वतः सहसा मरत नाही. मरतो तो बुडाशी बसलेला ड्रायव्हर, उष्णतेने. आणि आपण त्याला बाथरूमच्या बंद काचेच्या गोळ्यात कोंडतो, मग कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

सोसायट्यांचं तर विचारू नका. परवाच्या सभेत लिफ्टचा विषय पुढे ढकलला गेला, टाकीच्या गळतीचाही. जिन्यातले नऊचे दिवे काढून सातचे लावण्यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. सातचा दिवा चोवीस तास जळला तर १६८ वॅट-तास खातो, नऊचा रात्रीचे बारा तासच लावला तर १०८, असं तळमजल्यावरच्या एका काकूंनी सांगून पाहिलं. "सकाळी बंद कोण करणार?" अध्यक्षांनी विचारलं. वॉचमन म्हणाला, बटण मीटररूममध्ये आहे. मीटररूमला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी मुलीकडे न्यू जर्सीला, थेट गणपतीला येणार.