स्वखुशीचे 777 डॉलर

वॉशिंग्टन राज्यानं 1909 साली टिप देण्याघेण्यावर कायद्यानं बंदी घातली होती. ही मौलिक माहिती मुलानं मला त्याच राज्यातल्या सिअॅटल बंदरात दिली, तीही सहा बॅगांचे 12 डॉलर हमालाच्या हातावर ठेवून झाल्यावर. पाठोपाठ तो घाईघाईनं म्हणाला, "पण चार वर्षांत तो कायदा रद्द झाला हं." घाईला कारण होतं. त्याच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, हमालाच्या दिशेनं चालू लागल्या होत्या, आणि त्यांचा एकंदर आविर्भाव पैसे द्यायला निघालेल्या बाईचा नव्हता.

विहीणबाई सांगलीच्या. सहकार खात्यात लेखापरीक्षक होत्या. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या यांची दप्तरं तपासण्यात हयात गेली. त्यांची जीप फाटकात शिरली की चेअरमनना एकदम दवाखान्याची आठवण व्हायची, असं व्याही सांगतात. स्वतः व्याह्यांना कोयनेच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं, म्हणून ते सांगलीतच थांबले. आम्ही दोघं, विहीणबाई, मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू अशी आमची वरात अलास्काच्या क्रूझवर चढली.

अलास्काबद्दल एवढंच सांगतो की हिमनदी सुंदर होती. तिच्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. शिवाय तिला टिप द्यावी लागत नाही, त्यामुळे इथे तिचं काम नाही.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. गळ्यात एक कार्ड असतं, ते दाखवायचं आणि खर्च विसरायचा, अशी योजना आहे. विहीणबाईंनी ती पहिल्याच रात्री हाणून पाडली. केबिनमधल्या टीव्हीवर आपलं खातं दिसतं, हा शोध त्यांनी लावला. बाकीची मंडळी वरच्या डेकवर सूर्यास्त बघत असताना त्या खातेउतारा बघत होत्या.

"जावईबापू, हे माणशी साडेअठरा डॉलर कसले?"

"आई, ती ग्रॅच्युइटी. स्टाफची टिप. रोज आपोआप पडते."

"रोज? सहा माणसांची?" विहीणबाईंना कॅल्क्युलेटर लागत नाही. "दिवसाला 111. सात दिवसांचे 777. आणि या पोराचेही साडेअठरा?"

नातवानं दिवसभरात अर्धं केळं खाल्लं होतं. आमच्या बोटीवर टिपेला वयाची सवलत नव्हती.

"पण ऐच्छिक असते, आई. नको असेल तर काउंटरवर जाऊन काढून टाकता येते."

"म्हणजे आधी कापायचं आणि हरकत असेल त्यानं अर्ज करायचा. आमच्याकडे कारखाने उसाच्या बिलातून अशाच ऐच्छिक कपाती करतात."

मुलगा सिअॅटलला संगणकाच्या कंपनीत आहे. ऊस कपातीवर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर पूर्वी हा मामला हातोहात चालायचा. जेवणाचं टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली, आठवडाभर वाढपी तोच. शेवटच्या रात्री प्रवासी पाकिटं घेऊन यायचे. वेटरचं वेगळं, त्याच्या मदतनिसाचं वेगळं, केबिन झाडणाऱ्याचं वेगळं, आणि एक त्या हेडवेटरचं, जो पहिल्या दिवशी खुर्ची ओढून द्यायचा आणि मग थेट पाकिटाच्या दिवशीच उगवायचा. आठवडाभर लॉब्स्टर हाणून शेवटच्या रात्री पोट बिघडल्याचं सांगत बुफेकडे सटकणारी मंडळी तेव्हाही होती. मग 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनं 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणलं : कुठेही बसा, कधीही जेवा. वाढपी रोज नवा म्हटल्यावर पाकिटावर नाव कुणाचं घालणार? टिप थेट खात्यावर पडू लागली आणि इतर कंपन्यांनाही ती सोय फार आवडली. आज मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा दर माणशी रोज 16 ते 20 डॉलरांच्या आसपास आहे, स्वीटमध्ये राहणाऱ्यांना थोडा जास्त.

इथवर विहीणबाईंनी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांना बारमधलं बिल दिसलं.

त्या प्यायल्या होत्या लिंबूसोडा. बिलावर सोड्याची किंमत, तिच्यावर 18 टक्के ग्रॅच्युइटी, मग बेरीज. आणि बेरजेच्या खाली 'अतिरिक्त टिप' असं लिहून पुढे एक कोरी रेघ. ही कोरी रेघ म्हणजे आधुनिक व्यापाराचा फार सूक्ष्म आविष्कार आहे. ती काही मागत नाही, नुसती कोरी राहते. बारमन समोर उभा, हसरा, ग्लास पुसतोय. आपण पेन हातात धरलेलं. जगातली भलीभली माणसं तिथे एक डॉलर, दोन डॉलर असं काहीबाही खरडून जातात.

विहीणबाईंनी व्हाउचरवरच्या कोऱ्या जागांचे परिणाम तीस वर्षं पाहिलेले आहेत. त्यांनी पेन घेतलं, रेघेवर एक ठसठशीत तिरकी काट मारली, शेजारी आद्याक्षरं केली आणि कागद परत दिला. बारमन त्या काटेकडे बघत राहिला. मी समुद्राकडे बघत राहिलो. सून दुसऱ्याच कुटुंबातली असल्यासारखी एका ऑस्ट्रेलियन बाईंशी हवामानावर बोलू लागली.

त्या बाईंनी माहितीत भर घातली. ऑस्ट्रेलियातून सुटणाऱ्या बऱ्याच बोटींवर ही भानगड तिकिटातच मिळवलेली असते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनंही 2019 मध्ये आपोआप पडणारी टिप बंद करून तिकिटात घेतली. उलट टोक म्हणजे काही कंपन्या दारूचं पॅकेज 'फुकट' देतात आणि त्या फुकटाच्या छापील किमतीवर 20 टक्के ग्रॅच्युइटी लावतात. शून्याचे 20 टक्के किती, हा प्रश्न विहीणबाईंनी तिथल्या तिथे मुलाला विचारला. त्याचं गणित लहानपणापासून चांगलं आहे, म्हणून तो गप्प बसला.

पी अँड ओचं नाव पुन्हा निघालं ते आमच्या केबिन स्टुअर्डकडून. छातीवरच्या पाटीवर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं. गोव्याचा, साष्टीतला. त्याचे आजोबा पी अँड ओच्या बोटींवर स्टुअर्ड होते. एक बोट संपून दुसरी मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे. आमची ही सावंतवाडीची, तिला कोंकणी समजते. ओळख निघाल्यावर तिनं दुसरंच वाक्य टाकलं, "पगार किती रे तुला?"

मुलगा आणि सून एकाच वेळी "आई!" म्हणून ओरडले. स्टुअर्ड मात्र शांत. बहुधा प्रत्येक भारतीय काकूनं त्याला हेच विचारलं असावं.

"चलता, आंटी. देव बरें करूं," असं म्हणून त्यानं आकडा सफाईनं टाळला आणि टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला.

विहीणबाई मात्र हत्तीवर फसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याला दारातच थांबवून यंत्रणा समजून घेतली. पैसे एका सामायिक खात्यात जातात. त्यातून वाढपी, केबिनवाले, आणि शिवाय खाली बोटीच्या पोटात काम करणारी, प्रवाशांना कधीच न दिसणारी माणसं, चादरी धुणारे वगैरे, यांना वाटा मिळतो. बारचे टक्के निराळे. कुणी काउंटरवर जाऊन टिप काढून टाकली, की या खात्यातलं तेवढं कमी होतं.

"वाटपपत्रक कुठे लावतात?" विहीणबाईंनी विचारलं.

"कसलं पत्रक, आंटी?"

"कुणाला किती गेले, त्याचं."

तसं काही प्रवाशांसाठी लावत नाहीत, हे ऐकल्यावर विहीणबाईंच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज दिसलं. "म्हणजे वसुली आहे, वाटपपत्रक नाही," त्या म्हणाल्या आणि पर्समधून वही काढली.

आता यात माझं मत विचाराल, तर हा सरळसरळ पगार आहे. आमची बोट वर्षाचा बराच काळ अमेरिकन लोकांना अमेरिकन बंदरातून फिरवते, पण तिच्या मागच्या बाजूला बंदराचं नाव लिहिलेलं आहे नासाऊ. म्हणजे नोंदणी बहामाची. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा तिच्यावरच्या गोव्याच्या किंवा फिलिपिन्सच्या पोराला लागू नाही. त्याला आधार आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचा, आणि त्यातही आठवड्याला 72 तासांपर्यंत काम चालतं. परदेशी नोंदणीमुळे बोटीवर एक बंधन मात्र येतं : 1886 च्या एका अमेरिकी कायद्यानुसार अशा फेरीत निदान एका परदेशी बंदराला टेकावं लागतं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी सिअॅटलच्या बहुतेक बोटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास उभ्या राहतात आणि प्रवाशांना वाटतं, आपल्याला बागा दाखवायला आणलंय.

कायदा असा धक्क्यावर राहिला, पण अमेरिकेची टिपेची चाल तेवढी बोटीवर चढली. तिकडे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा संघराज्याचा किमान दर ताशी 2.13 डॉलर आहे, आणि तो 1991 पासून तिथेच बसलाय. उरलेलं गिऱ्हाईक देईल, ही श्रद्धा. ते 777 डॉलर तिकिटात मिळवायला कंपन्यांना कुणी अडवलेलं नाही. अडवते ती जाहिरात. तिकीट तेवढ्यानं महाग दिसेल ना! आणि तोवर 'ऐच्छिक आहे' म्हणून काउंटरवर जाऊन टिप काढून टाकणारे लोक कंपनीला धडा वगैरे शिकवत नाहीत, चादर धुणाऱ्याचा पगार कापतात. मला ते आवडत नाही.

असे लोक शेवटच्या रात्री रांगेत दिसतात. प्रत्येक जण काहीतरी दुसरंच काम असल्यासारखा उभा. एक गृहस्थ तर पुढे गेल्यावर इतक्या हळू बोलले की काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "टिप काढायची आहे का?" आणि ते मागच्या तीस लोकांना ऐकू गेलं. त्या तीस लोकांत विहीणबाई होत्या.

मुलाचा चेहरा पडला. "बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना." मी? व्याही असतो बाबा मी. माझं काम अध्यक्षस्थानी बसण्याचं.

नंबर आला. मुलीनं सराईतपणे फॉर्म पुढे केला. विहीणबाईंनी तो परत सरकवला. "काढायचे नाहीत. दिलेत ते दिलेत. सहा जणांच्या सहा पावत्या आणि वाटपपत्रकाची नक्कल हवी."

सूनबाईंनी भाषांतर केलं. मुलगी आत गेली, साहेबाला घेऊन आली. साहेब आत गेला, आणखी मोठ्या साहेबाला घेऊन आला. टिप कमी करायला फॉर्म होता, वाढवायला होता. हिशेब मागायला नव्हता. मागे रांग वाढत होती आणि लाजेनं आधीच अर्धमेले झालेले चारपाच जण दरम्यान निघून गेले. त्यांची टिप विहीणबाईंमुळे वाचली, हे स्टुअर्ड मंडळींना कधी कळायचं नाही.

उतरताना स्टुअर्डनं हिला हळूच सांगितलं, "कंपनीचा मेल येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तर एक का कापला म्हणून आम्हाला विचारतात." विहीणबाईंनी ते ऐकलं आणि त्या गंभीर झाल्या. त्यांनी नोकरीभर 'अ' वर्ग हातचं राखून दिला होता. आणि इथे सरसकट दहा?

मेल आला. त्या रात्री मुलाच्या घरी जेवणं लांबली. शेवटी त्यांनी दहा दिले आणि शेऱ्याच्या चौकटीत मजकूर सांगितला : नमुना तपासणीत टॉवेलचे सर्व प्राणी सुस्थितीत आढळले. स्टुअर्डचं काम 'अ' वर्ग. मात्र वसुलीच्या तुलनेत वाटपपत्रक सादर केलेलं नाही, सबब दोषदुरुस्ती अहवाल तीन महिन्यांत पाठवावा.

मुलानं तो पाठवला. विहीणबाई सांगलीला परतल्या. दर रविवारी त्यांचा फोन येतो. मुलगा सांगतो की मेल आला आहे, पुढच्या वर्षीच्या भूमध्य समुद्राच्या क्रूझवर सवलत आहे, आणि त्या विचारतात, "ते राहू दे. स्पॅममध्ये पाहिलंस का?"