चैत्रात माशीने मासा कसा धरावा
(बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या होतकरूंसाठी)

गांडूळ लावून मासा धरणं हे पोटार्थी लोकांचं काम. सुसंस्कृत माणूस पिसांची खोटी माशी बांधतो, ती पाण्यावर अलगद उतरवतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. साहेबाने ट्राउटसाठी वाढवलेली ही विद्या आपल्याकडे रुजवायची तर पुढील नियम पाळावेत.

1. आधी पाणी शोधा. बारामतीत कऱ्हा आहे. पाण्याचं मात्र विचारू नये. नीरेचं पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे अडलेलं असतं. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी येतं, पण त्यावर उसाचा हक्क पहिला. उरली उजनी. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. धरण ‘मायनस’मध्ये गेल्याच्या बातमीने तालुका हळहळतो, आपण हळहळू नये, आपल्याला मृतसाठाही चालतो. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर दिसू लागलं की काठ बराच मागे सरलाय असं समजावं आणि तेवढा चिखल तुडवायची तयारी ठेवावी. मासेमारीचा परवाना कुणाकडे आहे याची चौकशी आधी करावी, नंतर ती तुमची होते.

2. माशी बांधा. गळ पकडीत घट्ट धरा. त्यावर शिंप्याचा दोरा गुंडाळा. शेपटीला बोकडाचे चार केस, अंगाला जुन्या साडीची जर, मानेभोवती गावरान कोंबड्याच्या मानेचं पीस. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. बाटली विचारून घ्यावी. भिगवणला उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांच्या गुलाबी पिसांवर डोळा ठेवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालापासून जागा आहे.

3. फेका. दोर आधी मागे सरळ होऊ द्यावा, मग पुढे. मागे वेडी बाभूळ असते. पहिले काही तास तीच गळाला लागेल. तिला खेळवत बसू नये, दोर कापावा.

4. गिऱ्हाईक ओळखा. अळकुटी पृष्ठभागावरचे किडे टिपते, ती माशीला फसेल. पण ती बोटाएवढी, फोटोत दिसायची नाही. उजनीत राज्य चिलापीचं. 1952 साली आफ्रिकी चिलापी भारतात आणली गेली. आता तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. तिला शेवाळ आवडतं, तुमची कलाकुसर नाही. अंडी तोंडात सांभाळणारी मादी तर काहीच खात नाही. तुमचा अपमान झाला असं मानू नये, ती बाळंतीण आहे.

5. सोडण्याचा शिष्टाचार. थोर गळकरी मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतात. काठावरचा भोई विचारेल, “पाव्हणं, सोडायचाच हुता तर धरला कशापायी?” याचं उत्तर साहेबाच्या कुठल्याही ग्रंथात नाही. नियम असा: महसीर लागला तर ओल्या हाताने हळूच सोडा, दख्खनच्या नद्यांचा तो मूळ रहिवासी. लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पिल्लं मुद्दाम वाढवावी लागतात. चिलापी लागली तर मुळीच सोडू नका. देशी माशांच्या वाट्याचं ती आधीच पुष्कळ खाऊन बसली आहे.

काहीच लागलं नाही तर भिगवणच्या मासळी बाजारातून चिलापी विकत घ्या. घरी सांगताना वजन खरं सांगा. लांबीच्या बाबतीत शास्त्राने सूट दिलेली आहे.