गावाबाहेर, पण नक्की कुठे?

पूर्वी पुणं कुठे संपतं हे सांगायला जकात नाका होता. तिथे ट्रक थांबायचे, पावत्या फाटायच्या आणि आमचे वडील सायकलवरून उतरून म्हणायचे, "संपलं बरं का गाव." मग उसाचा रस पिऊन आम्ही बापलेक माघारी वळायचो. २०१३ साली जकात गेली आणि पुणं जे सुटलं ते कुणाच्या हाती लागलं नाही. २०१७ मध्ये त्याने ११ गावं पोटात घातली, २०२१ मध्ये आणखी २३. त्याच काळात माझंही पोट वाढलं. फरक इतकाच, की माझ्या वाढीव हद्दीची कुठल्याही राजपत्रात नोंद नाही.

ही हद्द आवरायची म्हणून मी गिअरची सायकल घेतली आणि "रविवारी गावाबाहेर जाऊन येतो," असं घरात जाहीर केलं. सदाशिव पेठेत हे वाक्य जपून उच्चारावं लागतं. लकडी पूल ओलांडला की गावाबाहेर, असं मानणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. सौ. म्हणाली, "गावाबाहेर म्हणजे कुठे?"

"तेच बघायला चाललोय."

सोबतीला आमच्या इमारतीतला एक तरुण होता. वय चाळीस, पण मला 'काका' म्हणतो. त्याच्या बोलण्यात रस्ते हॉटेलातल्या पाटीसारखे येतात. खडकवासला म्हणजे भजी, सिंहगड म्हणजे कसोटी आणि बोपदेव-दिवे लूप म्हणजे राइस प्लेट. एक घाट चढायचा, दुसरा उतरायचा, मध्ये सासवड. साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. "काका, तुम्हाला सहज जमेल," तो म्हणाला. ज्याला स्वतःला जमतं त्यालाच हे वाक्य सुचतं.

पहाटे सव्वापाचला मी पॅडची चड्डी आणि अंगाला चिकटलेली जर्सी घालून वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दारात आलो. दूधवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन पिशव्या जास्त ठेवल्या. आमच्या वडिलांनी पँटला चिमटा लावून तीस वर्षं सायकल मारली, पण ते एकदाही 'राइड'ला गेले नाहीत. ते ऑफिसला गेले. तेव्हा सगळं पुणंच सायकलवर असायचं, त्यामुळे त्याला व्यायाम म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

स्वारगेट गेलं, गंगाधाम गेलं, कोंढवा आलं. "इथे संपलं का गाव?" मी विचारलं. उत्तर एका फलकाने दिलं : 'निसर्गाच्या कुशीत २ बीएचके'. त्या कुशीत काँक्रीटचे मिक्सर फिरवत ट्रक उभे होते. येवलेवाडीतही तोच प्रश्न आणि तोच फलक, फक्त कूस ३ बीएचकेची.

मग बोपदेव घाट सुरू झाला आणि माझे प्रश्न बंद झाले. सायकलवाले सगळ्यात हलक्या गिअरला 'ग्रॅनी गिअर' म्हणतात, म्हणजे आजीचा. माझी आजी पंच्याहत्तराव्या वर्षी पर्वती चढायची, आणि याहून बऱ्याच वेगाने. एक कुत्रं माझ्या मागे लागलं, बरोबरीला आलं, थोडा वेळ सोबत चाललं आणि कंटाळून बसलं. वळणावळणावर मी फोटो काढायला थांबत होतो. चौथ्या फोटोनंतर तरुण म्हणाला, "काका, मोबाइल खिशातून काढा तरी."

माथ्यावरून पुणं दिसलं. त्याचा काठ शोधायला मी डोळे ताणले, पण पातेल्यातून उतू गेलेल्या दुधाला काठ नसतो, नुसता ओघळ असतो. आम्ही उभे होतो त्या दिशेनेही एक येत होता.

जवळच कानिफनाथांचं देऊळ आहे. गाभाऱ्याचं दार म्हणजे जेमतेम एक झरोका. पुरुषांनी सदरा आणि पट्टा काढून, आडवं होऊन, सरपटत आत जायचं. तरुण पोस्टाच्या पेटीत पत्र पडावं तसा आत गेला. मी मनातला अहंकार बाहेर ठेवून निघालो, तर अडलं पोट. मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, श्वास सोडा!" सोडला. शेवटी नाथांनीच ओढून घेतलं असावं. बाहेर येताना मात्र त्यांनी लक्ष घातलं नाही.

पुढे भिवरी, चांबळी. बाजरी उभी होती, सीताफळीच्या बागा होत्या, हवेला शेणाचा आणि ओल्या मातीचा वास होता. मी पॅडेल थांबवलं आणि वडिलांच्या सुरात म्हणालो, "संपलं बरं का गाव." एवढ्यात समोर फलक : 'नियोजित विमानतळालगत एनए प्लॉट'. विमानतळ अजून कागदावर आहे, प्लॉट मात्र उतरायला लागले आहेत. गेल्या दहा हजार वर्षांत असा फलक झाला नाही, असं गर्जून सांगायला आचार्य अत्रेच हवेत. १८९८ साली ते जन्मले ते कोडीत गावही तिथून जवळच.

सासवडला सोपानकाकांच्या समाधीला बाहेरून नमस्कार केला आणि मिसळीला आतून. कमावलेलं सगळं तिथे फेडून आम्ही दिवे घाटाकडे निघालो.

घाटाच्या अलीकडे एक मावशी पाटी घेऊन बसल्या होत्या. डोळे उघडलेली, टपोरी सीताफळं. "पाटीच न्या की," त्या म्हणाल्या.

"सायकलवर कुठे ठेवू?"

त्यांनी सायकल नीट न्याहाळली. "कॅरिअर न्हाय व्हय? केवढ्याची?"

मी आकडा निम्मा करून सांगितला.

"एवढ्याला कॅरिअर बी दिलं न्हाय?" असं म्हणून त्यांनी कळवळून एक सीताफळ वर घातलं. जर्सीच्या पाठीला तीन खिसे असतात. प्रत्येकात दोन-दोन कोंबली आणि उंटासारखा निघालो.

आषाढीला माउलींचा रथ दिवे घाट चढतो तेव्हा जादा बैलजोड्या जुंपतात. मी तोच घाट उतरत होतो आणि मलाही बैलजोडी हवी होती, मागून ओढून धरायला. दोन्ही ब्रेक दाबून बोटं वाकडी झाली. खाली मस्तानी तलाव आला कधी आणि गेला कधी, हे मला विचारू नये.

उतार संपला आणि उरुळी देवाची लागलं. तिथे मी एकदम आनंदलो. हे गाव आणि शेजारचं फुरसुंगी २०१७ मध्ये पुण्यात आली होती आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांनी आपली वेगळी नगरपरिषद थाटली. पुण्यात राहून पाहिलेलं आणि परत फिरलेलं गाव! याहून अस्सल गावाबाहेर कुठलं? हा आनंद मी एक कंटेनर आणि एक टेम्पो यांच्या फटीत उभा राहून व्यक्त करत होतो, कारण वाहनं तासभर हलली नव्हती. टेम्पोवाल्याला विचारलं, "दादा, पुणं इथे संपतं ना?"

"कुठं जायचंय तुम्हाला?"

"पुण्याला."

"मग आलात की!"

दुपारी दीडला घरी पोचलो. दारात सौ. उभी. "मग? सापडलं का तुझं गावाबाहेर?"

मी न बोलता पाठ फिरवली. तिन्ही खिशांतून पांढरा गर ओघळत होता आणि काळ्या बिया जिन्यात टपटपत होत्या.

"सापडलं," मी म्हणालो, "पण आणेपर्यंत टिकलं नाही."